कधी तापतं, कधी नाही: आउटबोर्ड मशीन मध्येच गरम होण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मालीम, शापोरा, कुटबण, तळपण इथले मच्छीमार, सिकेरी आणि कोको बीचवरून डॉल्फिन दाखवायला जाणारे बोटवाले, मांडवी-जुवारीत स्वतःची छोटी बोट ठेवणारे हौशी लोक: तक्रार सगळ्यांची एकच. मशीन रोज तापत नाही. तापतं ते भर पाण्यात, आणि धक्क्यावर मेकॅनिकपुढे मात्र व्यवस्थित चालतं. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. खालची उत्तरं क्रमाने वाचली तर जास्त उपयोग होईल, पण घाई असेल तर प्रश्न ४ आणि ५ आधी वाचा.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावलेलं मशीन. त्याच्या झाकणाखालून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेला इथे सगळीकडे ‘पिचकारी’ म्हटलं आहे. ‘बझर’ म्हणजे मशीनचा धोक्याचा भोंगा.

१. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. मग ते थंड राहतं कसं?

ज्या पाण्यात बोट तरंगते त्याच पाण्याने. पंख्याच्या वरच्या भागात, लेगच्या (मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना जाळीसारखी भोकं असतात, तिथून पाणी आत शिरतं. त्याच्या जरा वर वॉटर पंप बसवलेला असतो. त्यात ड्राइव्ह शाफ्टवर चावीने अडकवलेला रबरी इंपेलर फिरतो आणि पाणी एका उभ्या नळीतून वर ढकलतो. वर ते एग्झॉस्टभोवतीच्या पोकळीतून, सिलिंडर ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरतं, थर्मोस्टॅटमधून (ठरावीक तापमानाला आपोआप उघडणाऱ्या झडपेतून) बाहेर पडतं आणि एग्झॉस्टबरोबर खाली जातं. त्यातलाच थोडा भाग पिचकारी म्हणून बाहेर दिसतो.

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतात, म्हणजे मोटारगाडीपेक्षा बरेच आधी. कारण पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार ब्लॉकच्या आत थर धरू लागतात. गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं. ते मशीन थंड ठेवायला पुरेसं आहे, त्यामुळे ‘आपल्याकडचं पाणीच गरम’ हे कारण सोडून द्या.

२. पिचकारी जोरात येते, तरी बझर वाजतो. पाणी येतंय तर मशीन तापेल कसं?

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच. पिचकारी एवढंच सांगते की पंप पाणी वर ढकलतोय. बऱ्याच मॉडेलांत तिची नळी थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. म्हणजे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा हेडमधल्या वाटा मिठाने भरल्या असतील, तरी पिचकारी छान दिसते.

पिचकारीचा जोर पाहण्यापेक्षा तिच्या पाण्याला हात लावून बघा. पाणी कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल, वाफ येत असेल किंवा धार फुरफुरत, बुडबुडे टाकत येत असेल तर काहीतरी बिनसलं आहे. बुडबुड्यांचा वेगळा अर्थ प्रश्न १४ मध्ये आहे.

३. उलट झालंय: पिचकारी बंद, पण मशीन गरम लागत नाही. काय करू?

बहुधा पिचकारीचं भोकच बुजलं आहे. मीठ सुकून बसतं, बारीक शिंपला अडकतो. मशीन महिना-दोन महिने उभं राहिलं असेल तर कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर बांधते. मशीन बंद करून मासेमारीची जाड नायलॉन दोरी, एक ते दीड मिलिमीटरची, भोकात घालून फिरवा. लोखंडी तार खोल खुपसू नका, आतली रबरी नळी फाटते. नळी आतून सुटी करता आली तर नळीतून भोकाच्या दिशेने, म्हणजे बाहेर, हवा किंवा पाणी मारा. मशीनच्या दिशेने मारलं तर घाण आणखी आत जाते.

एवढं करूनही धार आली नाही तर मशीन चालवू नका. मग पंपच तपासायचा: प्रश्न ९.

४. भर पाण्यात बझर वाजला. त्या क्षणी काय करायचं?

थ्रॉटल लगेच खाली आणा आणि न्यूट्रलमध्ये घ्या. मग पिचकारी बघा.

धार असेल तर मशीन एकदम बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या. वाहतं पाणी उष्णता घेऊन जातं. बंद केलं तर सगळी उष्णता हेडमध्येच कोंडते आणि तापमान उलट आणखी वर जातं. तेवढ्या वेळात बझर थांबला नाही तर मात्र बंद करा.

धार नसेल तर ताबडतोब बंद करा. पण त्याआधी, नाहीतर त्याच्या बरोबरीने, नांगर टाका. आग्वादच्या बारवर (नदीच्या मुखाशी साचलेल्या रेतीच्या पट्ट्यावर) किंवा शापोऱ्याच्या मुखाशी बंद मशीन घेऊन वाहत राहणं हे तापलेल्या मशीनपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. नांगर धरला की मशीन वर उचला, जाळी बघा, पिशवी-दोरा काढा. अर्धा तास थांबा, मग पुन्हा चालू करून धार येते का पाहा.

तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, कधी तडकतं. झाकण काढून वारा लागू दिला तरी पुरे. मदत लागलीच तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक बोटीत रंगाने लिहून ठेवा. व्हीएचएफ असेल तर चॅनल १६.

५. कधी तापतं, कधी नाही. यात दोष शोधायचा कसा?

‘कधी कधी’ या शब्दातच उत्तर दडलेलं असतं. मशीन लहरीने तापत नाही. ठरावीक परिस्थिती जुळली की तापतं. ती परिस्थिती सापडली तर अर्ध्याहून जास्त काम झालं. म्हणून पाना हातात घेण्याआधी पाच-सहा फेऱ्यांची वही ठेवा: किती वाजता, भरती की ओहोटी, कुठल्या जागी, किती वेगात, किती माणसं किंवा किती नुस्तं (मासळी) बोटीत, चालू केल्यापासून किती मिनिटांनी, आणि त्या वेळी पिचकारी कशी होती.

मग असं वाचायचं.

फक्त आयडलवर किंवा सावकाश चालताना तापतं आणि वेग घेतला की थंड होतं: इंपेलर झिजलाय किंवा पंपाच्या घरातून पाणी गळतंय. फेरे वाढले की झिजलेला इंपेलरही पुरेसं पाणी फेकतो, म्हणून दोष झाकला जातो. थर्मोस्टॅट अर्धवट अडकला असेल तरीही काही मशीनांत असंच दिसतं.

फक्त पूर्ण वेगात तापतं, सावकाश चालवलं की ठीक: पाणी येतंय, पण गरजेपेक्षा कमी. जाळी अर्धी बुजलेली, आत क्षारांचा थर, मशीन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) फार उंच बसवलेलं, किंवा मध्यम-मोठ्या मशीनमध्ये असतो तो प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अडकलेला. हा व्हॉल्व्ह जास्त फेऱ्यांवर थर्मोस्टॅटला वळसा घालून जादा पाणी सोडतो. हेड गॅस्केटची सुरुवातीची गळतीही आधी इथेच दिसते.

लांब पल्ला वेगात मारून धक्क्याजवळ वेग कमी केला की मिनिटभर बझर वाजतो आणि थांबतो: धातूत साठलेली उष्णता एकदम पाण्यात येते आणि त्याच वेळी पंपाचं पाणी कमी होतं. निरोगी मशीन हे सहज पचवतं. बझर वाजतो याचा अर्थ पंप किंवा पाण्याच्या वाटा काठावर आल्या आहेत. या खुणेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि नेमकी तीच सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारी पायरी असते.

अचानक तापतं, बंद करून पाच-दहा मिनिटांनी चालू केलं की तासभर काही नाही: प्रश्न ६.

फक्त लाटांत, वळणावर किंवा माणसं हलली की: प्रश्न ७. एकाच जागी किंवा ओहोटीलाच: प्रश्न ८. बझर वाजतो, पण मशीन हाताला नेहमीसारखंच लागतं: प्रश्न १३.

६. तापलं म्हणून बंद केलं, वर उचलून पाहिलं तर जाळी स्वच्छ. मग तापलं कशाने?

प्लास्टिकच्या पिशवीने. पंप ओढत असतो तोवर पिशवी जाळीला चिकटून राहते. मशीन बंद झालं की ओढ संपते आणि पिशवी गळून पडते. उचलून पाहीपर्यंत पुरावा वाहून गेलेला असतो. पणजी-बेती पट्ट्यात, मासळी जेटींच्या आसपास आणि पहिल्या पावसानंतर नद्यांच्या मुखाशी हे फार घडतं.

ओळखायची खूण: तापमान हळूहळू चढत नाही, मिनिटा-दोन मिनिटांत एकदम चढतं, आणि पिचकारी आधी बारीक होऊन मग बंद पडते. संशय आला तर न्यूट्रलमध्ये येऊन क्षणभर रिव्हर्स घ्या, पुष्कळदा पिशवी सुटते. त्या दिवशी पुन्हा तापलं नाही तर विषय संपला. पण पिचकारी बंद असताना मशीन दोन-चार मिनिटं चाललं असेल तर इंपेलरची पाती भाजलेली असू शकतात. पुढच्या काही फेऱ्यांत आयडलवर लक्ष ठेवा.

७. डॉल्फिन दिसले की सगळे प्रवासी एका बाजूला धावतात आणि नेमकं तेव्हाच बझर वाजतो. योगायोग?

योगायोग नाही. सगळे पुढे किंवा एका अंगाला गेले की बोटीचं मागचं टोक उचललं जातं आणि पाणी घेणारी जाळी पृष्ठभागाजवळ येते. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. हवा भरलेला पंप पुन्हा धार धरायला वेळ घेतो. लाटांत आणि तीव्र वळणावरही असंच होतं.

बोट जमिनीवर असताना मोजून घ्या: पंख्याच्या वरची आडवी चपटी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली दोन-अडीच सेंटिमीटर हवी. तळापेक्षा वर असेल तर मशीन एक भोक खाली बसवा. २० इंची ट्रान्समवर १५ इंची शाफ्टचं मशीन लावलेलं असेल तर भोकं बदलून काही होणार नाही. शाफ्टच चुकीचा आहे. डॉल्फिनजवळ पोचल्यावर मशीन न्यूट्रलमध्ये घ्या, ट्रिम (मशीनचा कल) पूर्ण आत ठेवा आणि प्रवाशांना बसूनच पाहायला सांगा. बोट कलंडण्याचा धोका टाळण्यासाठी तर ते हवंच.

८. कळंगुट, कोलवा, बाणावलीला आम्ही होडी किनाऱ्यावरूनच ढकलतो. रेतीमुळे तापतं का?

रेती मशीन लगेच तापवत नाही, ती पंप खाते. फुटणाऱ्या लाटेत पाण्याबरोबर रेती उसळलेली असते. तिथे मशीन आयडलवर ठेवलं तर ती रेती इंपेलर आणि स्टीलच्या वाटीमध्ये घासत राहते. वाटीवर आणि खालच्या तबकडीवर चरे पडतात, पाणी त्या चऱ्यांतून मागे फिरतं, आणि महिन्याभराने ‘फक्त आयडलवर तापतं’ ही तक्रार सुरू होते. होडी वल्ह्याने बाहेर काढा आणि जाळीखाली निदान गुडघाभर पाणी असलं तरच मशीन चालू करा.

नदीत रेतीपेक्षा चिखल जास्त त्रास देतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात, साळ नदीत, चोडण-दिवाडीच्या खाजण बांधांजवळ ओहोटीला पंखा गाळ ढवळतो. पावसाळ्यात तर मांडवीला तांबडं पाणी येतं. हा गाळ ब्लॉकमध्ये सर्वांत खालच्या सिलिंडरभोवती बसतो, म्हणून खालचा सिलिंडर वरच्यापेक्षा गरम सापडतो. मोजायचं कसं ते प्रश्न १३ मध्ये. अशा जागी उधाण आणि भांगेचं वेळापत्रक पाहून निघा, आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका.

९. इंपेलर कधी बदलायचा? स्वतः बदलता येतो का?

रोज मासेमारी किंवा प्रवासी फेऱ्या करणाऱ्यांनी दर हंगामाच्या सुरुवातीला बदलावा. हौशी वापर असेल तर दरवर्षी उघडून बघावा आणि दोन वर्षांपलीकडे ठेवू नये. पाती तुटलेली नसली तरी एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, टोकं चकचकीत-कडक झाली असतील, बुडाशी बारीक भेगा असतील, तर तो संपला.

छोट्या आणि मध्यम मशीनवर हे काम तास-दीड तासाचं आहे. स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर तीही सोडवा. गियर कुठल्या स्थितीत ठेवायचा ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा. गियरच्या सळईचा जोड सोडवा. लेगचे बोल्ट काढा, बहुधा १२ किंवा १३ नंबरचा पाना लागतो. काही मशीनांत एक बोल्ट मागच्या ट्रिम टॅबखाली लपलेला असतो. तो राहिला म्हणून लेग पट्टीने उचकटून तोडल्याची उदाहरणं कमी नाहीत. लेग सरळ खाली ओढा.

पंपाचं घर उघडताना खाली परात ठेवा. शाफ्टवरची छोटी चावी हमखास पडते. वाटी आणि तबकडीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तेही बदला. फक्त नवा इंपेलर घालून उपयोग नाही. पंपाचं पूर्ण किट घेतलं तर गॅस्केट आणि ओ-रिंगही नवी मिळते. जुनी ओ-रिंग पुन्हा वापरली की पंप तिथून हवा ओढतो.

नव्या पात्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा. वाटी खाली दाबताना शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण टोकाच्या माथ्यावर नको. तिथे ग्रीस राहिलं तर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. लेग वर चढवताना पाण्याची उभी नळी तिच्या रबरी बुशमध्ये नीट शिरली का, हे टॉर्च मारून पाहा. ती बाजूला राहिली तर नवा पंपसुद्धा पाणी हवेतच फेकतो.

विकत घेताना स्वस्त नकली माल टाळा. मापात बसतो, पण रबर कडक असतं. जुन्या भागाचा पार्ट नंबर लिहून घेऊन जा.

१०. इंपेलर उघडला तर दोन पाती गायब. नवा घातला, झालं ना?

नाही. ती पाती कुठेतरी वर गेलेली आहेत. नळीत, ब्लॉकच्या तोंडाशी किंवा थर्मोस्टॅटखाली अडकली आहेत आणि जागा बदलतात, म्हणून मशीन कधी तापतं, कधी नाही. तुकडे मोजा, जुळवून बघा. लेग काढलेला असतानाच थर्मोस्टॅट काढून वरून होसने पाणी उलट्या दिशेने सोडा आणि खाली नळीच्या तोंडाशी फडकं धरा. सगळे तुकडे हाती आल्याशिवाय लेग चढवू नका.

११. धक्क्यावर सगळे सांगतात, थर्मोस्टॅट काढून टाक, कटकटच नको. काढू का?

काढू नका. थर्मोस्टॅट नसला की मशीन कायम थंड चालतं. फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये काजळी धरते, प्लग भिजतात. आणि मूळ दोष, म्हणजे कमजोर पंप किंवा मीठ, तसाच वाढत राहतो. समुद्रातून घरी येण्यापुरता काढला तर समजू शकतो. दुसऱ्या दिवशी नवा बसवा.

तपासायला सोपा आहे. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर लावून हळूहळू तापवा. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. मग थंड होऊ द्या आणि पूर्ण मिटतो का तेही बघा. हे तीनदा करा, कारण मध्येच अडकणारा थर्मोस्टॅट एका चाचणीत पास होऊ शकतो.

१२. थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर आत पांढरी खरपुडी. ॲसिडने धुऊ का?

फरशी किंवा संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको. ते मीठ खातं, पण त्याहून वेगाने ॲल्युमिनियम खातं. ब्लॉकला आतून भोकं पडतात आणि ती दुरुस्त होत नाहीत.

साधं पांढरं व्हिनेगर किंवा बोटींसाठी मिळणारं डिस्केलर वापरा. मशीन बंद ठेवून, थर्मोस्टॅट काढून, १२ व्होल्टच्या छोट्या बिल्ज पंपाने बादलीतलं द्रावण थर्मोस्टॅटच्या जागेतून ब्लॉकमध्ये फिरवत राहा आणि खालून पडणारं टबात धरून पुन्हा वापरा. तास-दोन तासांत पाणी गढूळ होतं. मग भरपूर गोडं पाणी. थर जुना असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दगडासारखा कडक थर असेल तर हेड आणि एग्झॉस्टचं कव्हर उघडून लाकडी पट्टीने खरवडावं लागतं.

त्याच वेळी आतले ॲनोड पाहा. समुद्राची झीज स्वतःवर घेणारे हे धातूचे तुकडे आहेत. निम्मे झिजले की बदला. फार झिजलेला ॲनोड सुटून पाण्याच्या वाटेत अडकतो आणि मग प्रश्न १० सारखंच होतं.

१३. मशीन खरंच तापतंय की बझर उगाच वाजतोय, हे कसं ओळखू?

लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन घ्या. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि या कामात तिच्यासारखं दुसरं हत्यार नाही. चकचकीत धातूवर ती कमी तापमान दाखवते, म्हणून हेडवर प्रत्येक सिलिंडरपाशी आणि थर्मोस्टॅटच्या झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी तिथेच मोजा. मशीन चांगलं असताना आयडलवर, १५०० फेऱ्यांवर आणि वेगाने चालवून आल्या आल्या असे तीन आकडे लिहून ठेवा. बझर वाजेल त्या दिवशी तुलना करायला तेच कामी येतात.

साधारणपणे हेड ५० ते ७० अंशांत असावं. बहुतेक मशीनांत बझरचा स्विच ८५ ते ९५ च्या दरम्यान लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हेड ६० वर असताना बझर वाजत असेल तर स्विच किंवा वायरिंग पाहा. या स्विचची वायर झाकणाला घासून सोलली आणि ब्लॉकला टेकली तरी बऱ्याच मशीनांत बझर वाजतो, आणि तेही फक्त हादऱ्याने. जोडावर हिरवी बुरशी धरली असेल तर साफ करा. स्विच काढून थर्मोस्टॅटसारखाच गरम पाण्यात, मल्टिमीटर लावून तपासता येतो.

आणखी एक: बझर नेहमी तापमानाचाच नसतो. ऑइल कमी झालं, ऑइलचा दाब पडला तरीही वाजतो. सलग वाजणं आणि थांबत-थांबत वाजणं यांचे अर्थ तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा.

१४. पंप, थर्मोस्टॅट, नळ्या, सगळं नवीन. तरी वेगात तापतं. आता काय उरलं?

तीन जागा. पहिली, हेड गॅस्केट. जोर लावला की जळता वायू गॅस्केटच्या बारीक फटीतून पाण्याच्या वाटेत शिरतो आणि पाणी बाजूला ढकलतो. सावकाश चालवताना दाब कमी असतो, म्हणून काही दिसत नाही. पिचकारीत बुडबुडे, एखादा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल दुधाळ, ही लक्षणं. कॉम्प्रेशन मोजा: मशीन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडावं लागेल.

दुसरी, लेग आणि पॉवरहेड (वरचा इंजिनाचा भाग) यांच्यामधली पाण्याची नळी. धातूची नळी खाऱ्या पाण्याने कुजून बारीक भोक पडतं किंवा वरचं रबरी बुश निसटतं. पंप पाणी देतो, पण ते वाटेतच गळतं. लेग काढून खालून नळीत होसने पाणी सोडा आणि वर किती पोचतं ते पाहा.

तिसरी, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. रेतीचा कण अडकून तो बंदच राहिला तर मशीन वेगात तापतं. उघडा अडकला तर उलट, सावकाश चालताना मशीन नको इतकं थंड राहतं. काढा, स्प्रिंग आणि रबर पाहा, किंमत फार नसते.

१५. बझर वाजलाच नाही आणि पिस्टन चिकटला. हे कसं?

कारण बझर फक्त स्विच बसवलेल्या जागेचं तापमान बघतो. पेट्रोल कमी, हवा जास्त असं मिश्रण झालं तर पिस्टन आतून भाजतो आणि हेडवर त्याची खबरही नसते. कार्ब्युरेटरचा जेट तुंबणं, इंधनाचा फिल्टर चोंदणं, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी घालणं, ही नेहमीची कारणं. केरोसीनवर चालणाऱ्या मशीनमध्ये जास्त भार देऊन ठोका येऊ दिला तरी हेच होतं.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी ठेवली की तळाशी पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होतो. तो थर कार्ब्युरेटरमध्ये आला की मशीन अडखळतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि हंगाम संपताना टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. एकच सिलिंडर इतरांपेक्षा १५-२० अंश गरम दिसला तर पाण्याच्या वाटेइतकाच त्याच्या जेटवरही संशय घ्या.

१६. एप्रिल-मे महिन्यात दुपारीच तापतं. उन्हामुळे?

ऊन नाही, वारा. त्या महिन्यांत दुपारी वायव्येचा जोरदार वारा सुटतो आणि समुद्र खवळतो. सकाळी सपाट पाण्यात जी जाळी बुडालेली असते ती दुपारी लाटेलाटेला उघडी पडते. म्हणजे प्रश्न ७. वहीत वाऱ्याची नोंद करत असाल तर हे लगेच दिसेल.

१७. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या काळात मशीन कसं ठेवायचं, म्हणजे ऑगस्टमध्ये तापणार नाही?

शेवटच्या फेरीनंतर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. जाळीवर रबरी कान लावून किंवा लेग पिंपात बुडवून, विहिरीच्या पाण्यावर न्यूट्रलमध्ये १०-१५ मिनिटं आयडल. मशीन पुरेसं गरम झालं तरच थर्मोस्टॅट उघडतो आणि हेडपर्यंत गोडं पाणी पोचतं. दोन मिनिटांच्या धुण्याने ते होत नाही. पिंपातलं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार-पाच बोटं वर हवं. पंखा काढून ठेवा. पाण्याशिवाय मशीन काही सेकंदही चालवू नका, इंपेलर कोरडा घासून जळतो. फोर-स्ट्रोकला धुण्यासाठी वेगळं तोंड दिलेलं असेल तर तिथे होस लावून मशीन बंद ठेवूनच धुवायचं.

नंतर मशीन उभं ठेवा, सगळं पाणी निथळू द्या. पिचकारीच्या भोकात कापडाची वात अडकवा, कुंभारणीसाठी, आणि दोरीने एक चिठ्ठी बांधा म्हणजे काढायची आठवण राहील. इंपेलर जूनमध्ये नको, जुलैच्या शेवटी बदला. आधी बदलला तर नवी पातीही दोन महिने वाकून बसतात.

ज्यांची बोट वर्षभर नदीतच बांधलेली असते त्यांनी मशीन नेहमी वर उचलून ठेवावं. लेग पाण्यात राहिला की जाळीच्या आत बार्नेकल आणि शिनाण्यांची (शिंपल्यांची) पिल्लं धरतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत वाट निम्मी बुजलेली असते. जाळी स्क्रू काढून उघडा, नुसती ब्रशने घासू नका.

१८. मशीन एकदा खूप तापलं होतं, वाफ निघाली. आता ठीक चालतंय. विश्वास ठेवू का?

तपासल्याशिवाय नाही. हेडवरचा रंग पिवळा पडलाय किंवा फुगलाय का पाहा. त्या जागी हेड वाकलेलं असू शकतं. कॉम्प्रेशन प्रश्न १४ प्रमाणे मोजा आणि आकडे लिहा, पुन्हा १० तास चालवून मोजा. दुसऱ्या वेळी एखादा सिलिंडर खाली आला असेल तर रिंग चिकटल्या आहेत किंवा गॅस्केट जात आहे. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, आणि जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून चकाकणारे धातूचे कण दिसतात का बघा. इंपेलर कसाही दिसत असला तरी बदला, वाफेच्या उष्णतेने रबर गेलेलं असतं. त्याबरोबर उभ्या नळीचं रबरी बुश आणि पॉवरहेडमधल्या प्लास्टिकच्या नळ्या दाबून पाहा. मऊ पडल्या असतील तर त्याही काढा.

हे सगळं होईपर्यंत बारच्या बाहेर जाऊ नका. नदीतच, वल्हं आणि नांगर बोटीत ठेवून, अर्ध्या थ्रॉटलवर चालवा आणि दर दहा मिनिटांनी टेपच्या खुणांवर तापमान मोजा.